जेवणाची घंटा आणि बाहेरचा बाक

प्रति,
स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींची अखेरच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या निवासी संस्थांचे आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक, वैद्यकीय अधिकारी व परिचारिका-प्रमुख यांस

विषय : जेवणाच्या वेळी कुटुंबीयांना रुग्णाजवळ राहू देण्याबाबत

सविनय नमस्कार.

माझ्या आईच्या आयुष्याचे शेवटचे चौदा महिने एका निवासी संस्थेत गेले. तेथे भेटीची वेळ दुपारच्या जेवणाच्या घंटेबरोबर संपत असे आणि जेवणे आवरल्यावर पुन्हा सुरू होत असे. घंटा झाली की एक मदतनीस अतिशय सौजन्याने सांगे, "आता जेवणं आहेत, आपण जरा बाहेर बसा." मी बाहेरच्या बाकावर बसत असे, आणि आत, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, आई समोरच्या ताटाचे काय करायचे हे न उमगून त्याच्याकडे नुसती पाहत असे. त्या संस्थेविरुद्ध तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही. तेथील माणसे मायाळू होती आणि नियमही कोणी वाईट हेतूने केलेला नव्हता. कर्मचाऱ्यांना गर्दीविना काम करता यावे, इतर रहिवाशांचे लक्ष विचलित होऊ नये, अशी त्यामागची कारणे मला सांगण्यात आली आणि ती मला पटलीही होती. मला आपल्यापुढे मांडायचे आहे ते असे की, स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात जेवणाची वेळ हीच दिवसातील सर्वांत महत्त्वाची भेटीची वेळ असते, आणि आपल्यापैकी अनेकजण नेमकी तीच बंद ठेवतात.

या आजारात खाणे एकाएकी थांबत नाही, ते थोडेथोडे सुटत जाते. आधी चमचा कशासाठी असतो याचा विसर पडतो. मग समोर दोन पदार्थ असले की सुरुवात कोठून करावी हे ठरत नाही. पुढे घास तोंडात जातो, पण तो चावायचा आहे हे लक्षात न राहिल्याने गालात तसाच साठून राहतो. शेवटी गिळण्याच्या क्रियेतला तो क्षणार्धाचा ताळमेळ, ज्यात श्वासाची वाट मिटते आणि अन्ननलिका उघडते, तोच बिघडतो, आणि प्रत्येक घोटाला ठसका लागू लागतो. अमेरिकेतील २२ शुश्रूषागृहांत प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्या ३२३ रहिवाशांचा १८ महिने पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात सुमारे ४१ टक्के रहिवाशांना न्यूमोनिया झाला, निम्म्याहून अधिक रहिवासी मरण पावले, आणि खाण्याच्या अडचणी मात्र सुमारे ८६ टक्क्यांना आल्या. ज्यांना त्या आल्या त्यांच्यापैकी जवळजवळ ३९ टक्के पुढच्या सहा महिन्यांत गेले. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आकड्यांहून मोलाची वाटते. आजार कोठे चालला आहे आणि पुढे काय होणार आहे हे ज्या कुटुंबीयांना समजलेले होते, त्यांच्या माणसांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत त्रासदायक उपचार फार कमी आले.

खाण्याची अडचण हा या आजाराच्या वाटेवरचा जवळजवळ ठरलेला टप्पा असेल, तर तो कुटुंबाला आधी का सांगितला जात नाही, हे मला आजही कळलेले नाही. आईला दाखल करताना झालेल्या बैठकीत कपड्यांवर नावे कशी घालायची इथपासून औषधांच्या वेळांपर्यंत सारे काही समजावून सांगण्यात आले होते. खाण्याचा विषय मात्र निघाला तो दहा महिन्यांनी, वजनाचा तक्ता समोर ठेवून, आणि त्याच बैठकीत अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवायची का असाही प्रश्न विचारण्यात आला. उत्तर द्यायला आम्हा भावंडांना दोन दिवस दिले होते. ज्या प्रश्नाची चाहूल महिनोनमहिने लागलेली असते, त्याला दोन दिवसांची मुदत का असावी?

नळीविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण कुटुंबाचा सगळा अपराधभाव तेथेच येऊन साचतो. दुर्बिणीच्या मदतीने पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवण्याची पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे प्रथम वापरली गेली, आणि ती योजली गेली होती ती गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी. त्या मुलांना, आणि ज्यांचा गिळण्याचा दोष काही काळाने भरून येणार असतो अशा रुग्णांना, तिचा मोठा आधार झाला. प्रगत स्मृतिभ्रंशात मात्र ती आयुष्य वाढवते, न्यूमोनिया टाळते किंवा शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, भरून आणते, असा पुरावा १९९९ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यातही मिळाला नाही आणि २०२१ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने केलेल्या आढाव्यातही मिळाला नाही. उलट शय्याव्रणांचे प्रमाण वाढण्याची शक्यता त्या दुसऱ्या आढाव्याने नोंदवली. कारण समजायला अवघड नाही. नळीने अन्न बाजूने नेता येते, पण तोंडातली लाळ आणि जठरातून उलट वर येणारे अन्न श्वासनलिकेत जायचे ते जातेच. शिवाय पोटावरची ती वस्तू काय आहे हे रुग्णाला कळत नसल्याने तो ती ओढतो, आणि मग त्याचे हात बांधले जातात किंवा जाड हातमोज्यांत घातले जातात. याच कारणांसाठी वृद्धवैद्यकातील तज्ज्ञांच्या अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने प्रगत स्मृतिभ्रंशात अशी नळी सुचवू नये आणि तिच्याऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवावे, अशी भूमिका घेतली आहे. नळीचा आणखी एक परिणाम कोठल्याही तक्त्यात येत नाही. ती बसली की दिवसातून तीन वेळा रुग्णाशेजारी कोणी बसावे, याचे कारणच उरत नाही.

हे सारे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. तरीही आम्हाला प्रश्न विचारला जातो तो "नळी बसवायची की नाही?" असा, आणि त्यातला 'नाही' ऐकणाऱ्याच्या कानाला 'उपाशी ठेवा' असाच लागतो. माझ्या भावाने त्या बैठकीत नेमके हेच शब्द वापरले होते आणि त्यानंतर कितीतरी वेळ कोणीच काही बोलले नव्हते. वृद्धवैद्यकातील काही तज्ज्ञांनी २०१० मध्ये यावर एक शहाणपणाची सूचना केली होती. काय करणार नाही हे लिहिण्याऐवजी काय करणार ते लिहा, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णाला सुख वाटते आहे तोवर, त्याला हवे तेवढे, हाताने भरवत राहायचे. ठसका लागू लागला किंवा त्याने तोंड फिरवले की थांबायचे, पण शेजारी बसणे, बोलणे, हात धरणे आणि तोंड ओले ठेवणे चालू ठेवायचे. अशी लेखी योजना आमच्यापुढे आली असती, तर त्या रात्री आमच्या घरात जे बोलले गेले ते बोलले गेले नसते.

आता भरवण्याविषयी. हे काम कोणालाही जमेल असे समजून ते सर्वांत नव्या मदतनिसाकडे सोपवले जाते, आणि एका हाताने दोघांना भरवताना मी स्वतः पाहिले आहे. त्यात त्या मदतनिसाचा दोष नव्हता, तिच्या वाट्याला आठ माणसे होती. प्रगत अवस्थेतील व्यक्तीला नीट भरवायला अर्धा तास लागतो, कधी त्याहून अधिक. आधी माणूस पुरता जागा असावा लागतो. पाठ ताठ, मान किंचित पुढे, पाय टेकलेले अशा स्थितीत त्याला बसवावे लागते. भरवणाऱ्याने समोर किंवा किंचित बाजूला, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसायचे असते, कारण उभ्याने भरवले की वर पाहण्यासाठी त्याची मान मागे जाते आणि श्वासाची वाट उघडी पडते. एका वेळी एकच पदार्थ, अर्धाच चमचा. गळ्यातली घाटी वर जाऊन खाली आली, म्हणजे घास खरोखर उतरला, हे पाहूनच पुढचा घास. चमचा त्याच्या हातात देऊन त्या हाताखाली आपला हात धरला, तर पुष्कळदा जुन्या सवयीने हात आपोआप तोंडाकडे वळतो, आणि स्वतःच्या हाताने आलेल्या घासाला तोंड अधिक सहज उघडते. ताटाचा रंगही महत्त्वाचा असतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन विद्यापीठातील एका लहानशा अभ्यासात, पांढऱ्याऐवजी ठळक रंगाची भांडी वापरल्यावर प्रगत अल्झायमर असलेल्या रुग्णांचे खाणे सुमारे २५ टक्क्यांनी आणि पेये घेणे सुमारे ८४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. नजरेला भांडे आणि त्यातला पदार्थ वेगळा दिसत नसेल, तर समोर जेवण आहे हे कळणार कसे? इतक्या साध्या गोष्टीसाठी कोठल्याही औषधाची गरज लागत नाही.

या कौशल्याचा एक भाग शिकवता येतो आणि एक भाग फक्त घरच्यांजवळ असतो. आईला खूप गरम काही चालत नसे, डावीकडून बोललेले तिला ऐकू येत नसे, आणि कोणी "तोंड उघडा" असे म्हटले की ती हटकून ओठ मिटून घेई, कारण आयुष्यभर हुकूम ऐकण्याची तिला सवय नव्हती. तिच्याशेजारी बसून मी स्वतः काहीतरी खाऊ लागले की मात्र थोड्या वेळाने तिचे ओठ हलू लागत. हे मला त्या संस्थेतल्या फाइलमध्ये कोठे लिहायचे असते, हे कोणी सांगितले नाही, आणि तसा रकानाही नव्हता. फाइलमध्ये रकाना होता तो 'किती टक्के खाल्ले' एवढाच. त्यात एके दिवशी 'शून्य' लिहिलेले होते. त्याच दिवशी मला लवकर आत सोडण्यात आले होते, आणि तिने माझ्या हातून चार चमचे गोड पातळ पदार्थ खाऊन पाचव्याला माझा हात धरून ठेवला होता.

कुटुंबीयांना आत घेतले की सगळे आपोआप चांगले होते, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः वाईट भरवले आहे. वजनाचा तक्ता पाहिल्यानंतरच्या आठवड्यात मी तिने फिरवलेले तोंड हाताने वळवून घास कोंबला, ती ठसकली, निळसर पडली, आणि एका परिचारिकेने धावत येऊन तिला पुढे वाकवले तेव्हा मी थरथरत होते. त्या परिचारिकेने मला रागावण्याऐवजी नंतर वीस मिनिटे शेजारी बसून दाखवले, की ओठ मिटणे, जीभ बाहेर ढकलणे, डोळे मिटून घेणे ही बोलता न येणाऱ्या माणसाची 'नको' म्हणण्याची रीत आहे. आईला 'नको' म्हणता येते, हे मला त्या दिवशी कळले. तीच वीस मिनिटे दाखल होण्याच्या आठवड्यात मिळाली असती, तर तो प्रसंग घडला नसता. म्हणून माझी मागणी दार उघडण्यापुरती नाही, दार उघडून शिकवण्याचीही आहे, आणि जे नातेवाईक घाईने किंवा हट्टाने भरवतात त्यांना थांबवण्याचा अधिकार आपल्या परिचारिकांना असलाच पाहिजे.

यावर आपला आक्षेप जबाबदारीचा असेल, हे मी जाणून आहे. नातेवाइकाच्या हातून घास अडकला तर उत्तर कोण देणार? हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर शोधताना धोक्याची सारी भीती घासावरच ठेवणे योग्य नाही. न्यूमोनिया कोणाला होतो याचा शोध घेणाऱ्या १९९८ मधील एका अभ्यासात असे दिसले, की गिळण्याचा दोष एकटा पुरेसा नसतो. दुसऱ्याच्या हाताने खावे लागणे, तोंडाची स्वच्छता दुसऱ्यावर अवलंबून असणे आणि किडलेल्या दातांची संख्या यांचा त्याच्याशी ठळक संबंध असतो. म्हणजे जेवणानंतर गालातले उरलेले कण काढून, दात आणि जीभ नीट पुसून देणे हा न्यूमोनियाविरुद्धचा मोठा उपाय आहे, आणि शिकवले तर तोही कुटुंबीय आनंदाने करतात. द्रव दाट करण्याचा उपायही आपण तपासून पाहावा. काहींना त्याने ठसका कमी लागतो हे खरे, पण दाट केलेले पाणी अनेकांना आवडत नाही, ते कमी प्यायले जाते आणि तोंड कोरडे पडते. उरलेल्या महिन्यांत तहान भागवणारा साधा घोट आणि त्याबरोबर येणारा थोडा धोका यांतले काय स्वीकारायचे, हे गिळण्याच्या दोषांचे तज्ज्ञ, डॉक्टर आणि कुटुंब यांनी एकत्र बसून ठरवावे व लिहून ठेवावे. असा कागद असला की जबाबदारी एकट्या मदतनिसाच्या डोक्यावर राहत नाही.

कुटुंबीयांना बाहेर ठेवण्याची किंमत काय असते, हे जगाने पाहिलेले आहे. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये 'जॉन्स कॅम्पेन' ही चळवळ सुरू झाली ती एका लेखिकेच्या वडिलांच्या अनुभवातून. स्मृतिभ्रंश असलेला हा माणूस चालत-बोलत रुग्णालयात गेला, भेटींवर निर्बंध असल्याने आठवडेच्या आठवडे बहुतांशी आपल्या माणसांवाचून राहिला, आणि परतला तेव्हा त्याला उभेही राहता येत नव्हते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीजवळ तिची काळजी घेणाऱ्याला राहू द्यावे, एवढीच त्या चळवळीची मागणी आहे. पुढे २०२० च्या साथीत अनेक देशांतील निवासी संस्थांची दारे महिनोनमहिने बंद राहिली आणि हाच अनुभव असंख्य घरांनी घेतला. साथीचा तो काळ अपवादाचा होता, हे मला मान्य आहे. पण साथ नसतानाही रोज दोन-तीन वेळा, ठरलेल्या घंटेला, आपण तेच दार पुन्हा लावता.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या पत्राचा आधार घेऊन कोणी कर्मचारी कमी केले, तर तो माझ्या म्हणण्याचा विपर्यास ठरेल. अनेकांना कोणी नसते, अनेकांची मुले दूर असतात, आणि काही मुलांना आपल्या आईवडिलांना भरवणे सोसत नाही. त्यांच्या न येण्याची कारणे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि मलाही नाही. ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याच्याशेजारी अर्धा तास बसणारा माणूस संस्थेनेच द्यायला हवा, आणि त्या अर्ध्या तासाला औषध देण्याइतकेच काम समजून त्याचे मनुष्यबळ मोजायला हवे.

शेवटच्या आठवड्याविषयीही बोलले पाहिजे, कारण त्या आठवड्यात आम्हाला सर्वांत कमी सांगितले गेले. आईने खाणे पूर्ण थांबवले तेव्हा ती भुकेने तळमळत असेल, या विचाराने मला झोप येत नव्हती. पुढे वाचनात आले, की अखेरच्या आजारातील शुद्धीवर असलेल्या ३२ रुग्णांना, ज्यांतील बहुतेक कर्करोगाचे होते, त्यांच्या भूकतहानेविषयी विचारणारा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला होता; त्यांपैकी सुमारे ६३ टक्क्यांना भूक मुळीच लागली नव्हती, आणि ज्यांना भूक-तहान किंवा तोंडाची कोरड जाणवली त्यांना थोडासा घास, बर्फाचे तुकडे आणि ओठ ओले करणे एवढ्याने आराम पडला होता. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आपल्याला असे सांगू शकत नाही, म्हणून या निष्कर्षाचा विस्तार जपूनच करावा लागेल. तरी मरणाजवळ आलेले शरीर अन्न मागेनासे होते, न खाल्ल्यामुळे मृत्यू येतो असे नसून मृत्यू जवळ आल्यामुळे खाणे थांबते, हे वाक्य कोणीतरी मला त्या आठवड्यापूर्वी सांगायला हवे होते. आणि त्याबरोबरच माझे काम संपलेले नाही, हेही. ओल्या फडक्याने ओठ टिपणे, जिभेवर दोन थेंब सोडणे, ओठांना मलम लावणे, हे भरवण्याचेच पुढचे रूप आहे. ते माझ्या हातून व्हावे असे मला वाटत होते, पण ते सामान नेहमी परिचारिकांच्या कपाटात असे आणि मागायला मी संकोचत असे.

म्हणून आपणास विनंती आहे, की दाखल होण्याच्या पहिल्या महिन्यातच खाण्याच्या अडचणींविषयी कुटुंबाशी सविस्तर बोलावे आणि निर्णयाची वेळ येण्याआधी त्यांना वाचायला काहीतरी हाती द्यावे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, २४ शुश्रूषागृहांतील कुटुंबीयांना अशी माहिती आधी दिल्यावर त्यांच्या मनातील द्विधा कमी झाली आणि डॉक्टरांशी त्यांचे बोलणे वाढले, असे दिसले होते. रुग्णाच्या सवयी लिहिण्यासाठी फाइलमध्ये एक पान असावे, आणि 'किती टक्के'च्या शेजारी 'कसे खाल्ले, कोणाबरोबर' असा आणखी एक रकाना असावा. ज्या नातेवाइकांची इच्छा आहे त्यांना भरवायला आणि तोंड स्वच्छ करायला शिकवावे. ओठ ओले करण्याचे सामान रुग्णाच्या उशाशी ठेवावे.

आणि प्रवेशद्वारावरील भेटीच्या वेळांची पाटी बदलावी. हे काम एका दुपारचे आहे. आपल्यापैकी जे ते करतील, त्यांनी बाहेरचा तो बाकही आत, जेवणाच्या टेबलाजवळ आणून ठेवावा.

आपली नम्र,
स्मृतिभ्रंशाने गेलेल्या एका आईची मुलगी